संतांचे दिवस आणि आभाळाचा अंदाज

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायांत एक प्रसंग आहे. परूशी आणि सदूकी प्रभु येशूकडे येऊन आकाशांतून कांहीं चिन्ह दाखवावें अशी मागणी करतात. त्यांना मिळालेलें उत्तर अगदीं घरगुती आहे. सायंकाळीं आभाळ तांबडें झालें कीं उघाड पडणार, सकाळीं तांबडें व झांकोळलेलें असलें कीं वादळ होणार, एवढें तुम्हांला उमगतें. मग काळाचीं लक्षणें कां उमगूं नयेत, असा त्याचा आशय. धर्मोपदेशकांनीं या वचनाच्या उत्तरार्धावर प्रवचनें केलीं. पूर्वार्ध मात्र खलाशांनीं आणि मेंढपाळांनीं उचलला, आणि इंग्लंडांत तो म्हणीच्या रूपानें लहान मुलांच्याही तोंडीं बसला.

या म्हणींत तथ्य आहे. त्या अक्षांशांत हवेचे फेरबदल बहुधा पश्चिमेकडून येतात. मावळतीच्या सूर्याचा तांबूस प्रकाश आडकाठीवांचून पोंचला, तर पश्चिमेस ढग नाहींत आणि येणारी हवा कोरडी आहे, असें समजण्यास हरकत नसते. परंतु हीच म्हण कोंकणांत ऐन पावसाळ्यांत लावूं गेल्यास फसगत व्हावयाची, कारण बंगालच्या उपसागरांत उठणारीं कमी दाबाचीं क्षेत्रें पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतात. म्हण जेथें जन्मली तेथलीच हवा तिला ठाऊक.

आपल्याकडील शेतकरी मृग, आर्द्रा, हस्त या नक्षत्रांवर पावसाचा हिशेब बसवितो. युरोपांतील शेतकऱ्यानें तोच हिशेब संतांच्या दिवसांवर बसविला होता. त्याला तारखा वाचतां येत नसत. पण चर्चची घंटा ऐकूं येई, आणि आज कोणत्या संताचा दिवस हें तो जाणे. जर्मनींत मे महिन्याच्या ११ ते १५ या तारखांच्या संतांना ‘बर्फाचे संत’ म्हणतात. ते सरल्यावांचून माळी नाजूक रोपें बाहेर लावीत नाहीं. इंग्लंडांत १५ जुलै हा संत स्विदिनचा दिवस. नवव्या शतकांतील विंचेस्टरच्या या बिशपानें आपली कबर चर्चच्या बाहेर, येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय व पावसाचें पाणी लागेल अशा जागीं असावी, अशी इच्छा दर्शविली होती असें सांगतात. इ. स. ९७१ मध्यें त्याच्या अस्थि चर्चच्या आंत हलविण्यांत आल्या; तेव्हां संत कोपला आणि चाळीस दिवस पाऊस लागला, ही कथा मागाहून जुळली. त्या दिवशीं पाऊस पडला तर पुढें चाळीस दिवस पडणार, ही समजूत तेथें अद्यापि आहे. १८६१ पासूनच्या नोंदींत मात्र चाळीस दिवसांची अखंड झड वा अखंड उघाड एकदांही आढळलेली नाहीं. तथापि जुलैच्या मध्यास तेथील हवेला जें वळण लागतें तें पुष्कळदां ऑगस्टपर्यंत टिकतें. तेव्हां जुन्या लोकांनीं अगदींच हवेंत गोळी मारली असें म्हणतां येत नाहीं.

या हिशेबाला एक मोठी ठोकर बसली, तिकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. पोप ग्रेगरीनें १५८२ मध्यें पंचांग सुधारलें तेव्हां दहा दिवस गाळले गेले. इंग्लंडनें ही सुधारणा १७५२ मध्यें स्वीकारली, आणि तेथें २ सप्टेंबरनंतरचा दिवस १४ सप्टेंबर म्हणून उजाडला. संतांच्या तारखा कागदावर तशाच राहिल्या, ऋतूंतील त्यांच्या जागा मात्र सरकल्या. बर्फाच्या संतांची जी थंडी जुन्या लोकांनीं अनुभवली, ती नव्या गणनेनें वीस मेच्या पुढें पडावयास हवी. माळी मात्र आजतागायत जुन्याच तारखांना धरून आहे.

आणि देश बदलला म्हणजे काय होतें, याचें उदाहरण गोव्यांत दरवर्षीं दिसतें. २४ जून हा बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा जन्मदिवस. युरोपांत तो भर उन्हाळ्यांत येतो आणि रात्रीं होळ्या पेटतात. गोव्यांत त्या सुमारास पाऊस नुकताच लागून विहिरी भरूं लागलेल्या असतात. तेव्हां तरुण मंडळी डोक्यावर पानाफुलांची कोपेल घालून विहिरींत उड्या टाकतात, आणि सणाला म्हणतात सांजांव. मरियेचा आवाज ऐकतांच योहानानें मातेच्या उदरांत उडी घेतली, या लूकाच्या कथेशीं त्या उडीचा संबंध जोडतात. संत तोच, तारीखही तीच. परंतु तेथें विस्तव आणि येथें पाणी.

म्हणी जपणाऱ्या या धर्मनिष्ठ समाजांतच त्या तपासून पाहणारेही निघाले, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. विल्यम मर्ल या इंग्रज धर्मगुरूनें १३३७ ते १३४४ अशी सात वर्षें हवेची टिपणें लॅटिनमध्यें लिहून ठेवलीं. इतकीं जुनीं व इतकीं सलग टिपणें युरोपांत दुसरीं ज्ञात नाहींत. क्वेकर पंथाच्या लोकांना ऑक्सफर्ड-केंब्रिजचीं दारें बंद असत, म्हणून ते व्यापारांत आणि निरीक्षणांत शिरले. त्यांच्यांतील जॉन डाल्टननें १७८७ पासून १८४४ मध्यें मरण येईपर्यंत हवेची रोजनिशी चालविली. दुसरा ल्यूक हॉवर्ड. त्यानें १८०२ मध्यें ढगांना सिरस, क्यूम्युलस व स्ट्रेटस हीं नांवें दिलीं, तीं आज जगभर चालतात.

हा हॉवर्ड पेशानें औषधें बनविणारा होता. त्या काळीं हिंवतापाचा संबंध लोक हवेशीं जोडीत. मलेरिया या इटालियन शब्दाचा अर्थच वाईट हवा. त्यावरील सिंकोना झाडाची साल सतराव्या शतकांत दक्षिण अमेरिकेंतून जेझुइट पाद्र्यांमार्फत युरोपांत आली, आणि तेवढ्याच कारणानें कित्येक प्रोटेस्टंटांना ती संशयास्पद वाटली. रोग्याचा ताप पंथ पाहून चढत नाहीं, हें पटावयास वेळ लागला. १८२० मध्यें सालींतून क्विनीन वेगळें झालें आणि हॉवर्डांचा कारखाना त्यासाठीं नांवारूपास आला. ल्यूकचा पुत्र जॉन इलियट हॉवर्ड यानें तर निलगिरीच्या मळ्यांतील सालींचें पृथक्करण करून त्यावर ग्रंथ लिहिला. हवेचा दोष मात्र १८९७ पर्यंत हवेच्याच माथीं राहिला. त्या वर्षीं सिकंदराबादेस रोनाल्ड रॉसला डांसाच्या पोटांत तापाचे जंतु दिसले.

सर्वांत मोठी किंमत मोजली ती रॉबर्ट फिट्झरॉयनें. डार्विनला घेऊन जाणाऱ्या ‘बीगल’ जहाजाचा हा कप्तान कट्टर ख्रिस्ती होता. १८६० मध्यें ऑक्सफर्ड येथें डार्विनच्या मतावर वाद झाला, तेव्हां तो बायबल उंचावून उभा राहिला. आणि तेथें तो आला होता वादळांवरील निबंध वाचण्यास! आदल्याच वर्षीं ‘रॉयल चार्टर’ हें जहाज ऑस्ट्रेलियाहून लिव्हरपूलच्या जवळ येऊन अँगल्सीच्या खडकांवर फुटलें होतें व चारशेंहून अधिक माणसें बुडालीं होतीं. फिट्झरॉयनें १८६१ मध्यें तारायंत्राच्या साह्यानें बंदरांवर वादळाची सूचना देणाऱ्या खुणा चढविण्यास आरंभ केला, आणि त्याच वर्षीं १ ऑगस्टपासून ‘टाइम्स’ पत्रांत हवेचा अंदाज छापून येऊं लागला. हें भविष्य नव्हे, असें त्यानें बजावून सांगितलें व त्यासाठीं वेगळा इंग्रजी शब्द योजला. खलाशांच्या म्हणी त्यानें टाकून दिल्या नाहींत. वायुभारमापकाच्या आपल्या पुस्तिकेंत त्यांना जागा दिली.

अंदाज चुकूं लागले तेव्हां विद्वानांनीं त्याच्यावर टीका केली, वर्तमानपत्रांनीं थट्टा केली. वादळाची खूण चढली कीं मासेमारीचीं गलबतें बंदरांत अडकून पडत, म्हणून त्यांचे मालकही चिडले. थकलेल्या व खिन्न झालेल्या फिट्झरॉयनें ३० एप्रिल १८६५ रोजीं आत्महत्या केली. पुढील वर्षीं अंदाज आणि सूचना दोन्ही बंद पडल्या. तेव्हां ओरड झाली ती खलाशांकडून. १८६७ मध्यें वादळाच्या सूचना पुन्हां सुरू झाल्या, आणि १८७९ मध्यें वर्तमानपत्रांतील अंदाजही. २००२ मध्यें ब्रिटनच्या सागरी हवामान-वृत्तांतील फिनिस्टेअर या विभागाचें नांव बदलून फिट्झरॉय ठेवण्यांत आलें.