टेकडीवरचं शौर्य, छावणीतलं धैर्य

ॲरिस्टॉटल खरं धैर्य पाहतो ते रणांगणावर, मृत्यूला सामोरं जाताना. ही व्याख्या पुरेशी आहे का? आज आपण ती टिबोर रुबिन या सैनिकाच्या आयुष्याशी ताडून पाहू.

रुबिन १९२९ साली हंगेरीत, एका ज्यू कुटुंबात जन्मला. किशोरवयातच त्याची रवानगी नाझींच्या माउटहाउझेन छळछावणीत झाली. १९४५ मध्ये अमेरिकी सैन्याने ती मुक्त केली. आईवडील मात्र वाचले नव्हते. १९४८ साली तो अमेरिकेत गेला आणि नागरिकत्व मिळण्याआधीच सैन्यात भरती होऊन १९५० साली कोरियात लढायला उतरला.

तिथे त्याने एक टेकडी चोवीस तास एकट्याने लढवली. पण ज्यूद्वेष्ट्या सार्जंटने पदकाच्या शिफारशीचे कागद पुढे जाऊच दिले नाहीत, असं सोबत्यांनी नंतर शपथेवर सांगितलं.

पुढे तो पकडला गेला. हंगेरीला परत पाठवतो, असं चिन्यांनी सांगूनही तो गेला नाही. सुमारे तीस महिने तो रात्री गुपचूप बाहेर पडून अन्न चोरायचा, आजाऱ्यांना भरवायचा, जखमा धुवायचा. माउटहाउझेनमध्ये शिकलेली जगण्याची विद्या त्याने इथे इतरांसाठी वापरली. चाळीसेक जीव त्याच्यामुळे वाचले, असं मानतात.

२००५ साली, पंचावन्न वर्षांनी, त्याला ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळालं. मानपत्रात टेकडीही आहे आणि छावणीही. म्हणजे बघा, हातात शस्त्र नसतानाचं धैर्यही शेवटी शौर्यात धरावंच लागलं. आपली व्याख्या आता इथून पुढे न्यायला हवी.