वळूची पारख काचपट्टीवर

माणदेशात वळूची पारख आजही आधी डोळ्यांनी होते. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत किंवा खरसुंडीच्या बाजारात खिलार उभा राहिला की जाणकार वशिंड, खूर, शिंगांची ठेवण पाहतात. खिलाराच्या एका प्रकाराला जुन्या औंध संस्थानातल्या आटपाडी महालाचे नाव मिळाले, इतकी ही नजर मुरलेली. तिला एकच गोष्ट दिसत नव्हती: देखण्या वळूचे बीज जिवंत आहे की नाही. ते कळायचे गाय उलटल्यावर, म्हणजे पुन्हा माजावर आल्यावर. एक माज हुकला की 21 दिवस गेले, आणि वैरण चालूच. हा तोटा गाईच्या मालकाचा; वळूवाल्याचे काही जात नव्हते. शुक्राणूंच्या तपासणीचा इतिहास विज्ञानाची प्रगती म्हणून सांगतात. माझ्या मते तो मुख्यतः हा तोटा कोणी सोसायचा, याचा इतिहास आहे.

भारतात कृत्रिम रेतनाचा पहिला प्रयोग 1939 मध्ये म्हैसूरच्या राजवाड्याच्या डेअरीत संपत कुमारन यांनी केला. 1942 मध्ये इज्जतनगरला त्याचे केंद्र निघाले. ताजे वीर्य वापरायचे तोवर सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणूंची हालचाल पाहिली की भागत असे. 1949 मध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी ग्लिसरॉलचा उपयोग दाखवला आणि वीर्य गोठवता येऊ लागले. पण गोठताना पहिला घाव बसतो तो शुक्राणूच्या पातळ आवरणावर, आणि आवरण दुखावलेला शुक्राणू काही काळ वळवळतोही. म्हणून रंगाची परीक्षा महत्त्वाची ठरली. ती 1942 मध्येच लॅस्ली, ईस्ली आणि मॅकेन्झी यांनी मांडली होती. इओसिन-निग्रोसिन या रंगांचे सुटसुटीत रूप 1950 मध्ये डेन्मार्कच्या ब्लोमने दिले. थेंबभर वीर्यात रंग मिसळून काचपट्टीवर पसरायचा. काळपट पार्श्वभूमीवर जिवंत शुक्राणू पांढरे राहतात. आवरण फाटलेल्यांत इओसिन शिरून ते गुलाबी होतात. मग फक्त मोजायचे. तरीही आवरण शाबूत आहे म्हणजे ते काम करते, असे नव्हे. त्याचे उत्तर 1984 मध्ये जयेंद्रन आणि सहकाऱ्यांनी मानवी वीर्यासाठी दिले: सौम्य द्रावणात ठेवल्यावर कार्यक्षम आवरणाचा शुक्राणू पाणी आत घेऊन फुगतो, त्याची शेपटी वळते. पुढे हीच चाचणी वळूंच्या वीर्यालाही लागू झाली.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने (स्थापना 1968) शेळ्यांसाठी गोठीत वीर्याचे काम केले. बोकडाचे वीर्य वळूपेक्षा अवघड. त्यातल्या एका ग्रंथीचा स्राव अंड्याच्या बलकाशी जमत नाही, हे रॉय यांनी 1957 मध्ये दाखवले होते. आणि गोठवताना आवरणाला सांभाळतो तो तर हाच बलक! म्हणून वीर्य आधी धुऊन घेतात किंवा बलक बेताने वापरतात. पाच-दहा शेळ्यांच्या मालकाला ही गुंतागुंत समजून घ्यावी लागत नाही, कारण बिघाड प्रयोगशाळेतच पकडला जाऊन नासकी मात्रा तिथेच टाकली जाते. नुकसान पुरवठादाराचे.

यावर गोठ्यातला माणूस म्हणेल, काचपट्टीवर उत्तम आलेली मात्राही फुकट जातेच की. खरे आहे. नत्रपात्रातला द्रव नायट्रोजन आटला, गोठलेल्या वीर्याची नळी वितळवताना हयगय झाली, माज चुकीचा ओळखला, तर चाचणीचा आकडा काय करणार? राष्ट्रीय मानकांत मात्रेमागे 2 कोटी शुक्राणू आणि वितळल्यानंतर निदान 50 टक्के हालचाल मागितली आहे, ती गर्भधारणेची हमी म्हणून नव्हे. पण चाचणीमुळे निदान दोष कुठे शोधायचा ते कळते. मात्रा चांगली निघाली होती तर चूक वाटेत किंवा गोठ्यात. दुसरा आक्षेप जास्त बोचरा: याच नळीने होल्स्टीन आणि जर्सी आणून खिलार मागे ढकलला. पण रंगाला जात कळत नाही. कोणता वळू निवडायचा हे दुधाच्या दराने, ट्रॅक्टरने आणि सरकारी धोरणाने ठरवले. खिलाराचे बीजही तितक्याच निगुतीने जपता येते.

गोठ्यात येणाऱ्या नळीवर वळूचा क्रमांक आणि तारीख छापलेली असते. रेतन झाल्यावर ती फेकू नका; वहीत उतरवून ठेवा, आणि गाय उलटली तर त्याच क्रमांकावरून जाब विचारा.