पंडिता रमाबाईंच्या आत्मनिवेदनातील आशेची घडण

एकोणिसाव्या शतकातील मराठी धर्मांतरकथनांचा विचार बहुधा एकाच आकृतिबंधात केला जातो : निराशा, साक्षात्काराचा क्षण आणि नंतरची शांती. बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्राचे शीर्षकच हा क्रम सूचित करते. पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांचे १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेले इंग्रजी आत्मनिवेदन मात्र या आकृतिबंधात पुरते बसत नाही. त्यातील आशा टप्प्याटप्प्याने आणि निरनिराळ्या प्रदेशांतून व भाषांतून घडत जाते.

या कथनातील निराशेचे स्वरूप प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थक्षेत्री पुराणे सांगून चरितार्थ चालवीत असे. दक्षिणेतील दुष्काळात व्रते, दाने, उपवास सारे करूनही आई, वडील व थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने मृत्यू पावली. परंतु निराशा केवळ शोकातून आली नाही. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरविले. त्याच नगरीत धर्मशास्त्राचे अध्ययन करताना त्यांना आढळले की, इतर सर्व बाबतींत परस्परविरोधी असणारे ग्रंथ स्त्रीच्या हीनत्वाविषयी एकमत आहेत. जिच्या पांडित्याचा सन्मान होत होता, तिला त्याच पांडित्याच्या आधारग्रंथांत मोक्षाचा स्वतंत्र अधिकार नव्हता.

आशेचा पहिला धागा सिलचर येथे, लूककृत शुभवर्तमानाच्या बंगाली प्रतीत मिळाला. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी निवर्तले. १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. लंडनमधील फुलहॅम येथे ‘पतित’ मानलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या. या करुणेचे मूळ विचारता त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. बुद्धीची खात्री नीळकंठशास्त्री (नेहेम्या) गोरे यांच्या लेखनाने पटली. काशीत वाढलेले हे मराठी शास्त्री १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले होते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला.

येथे कथन संपावयास हवे होते. पण ते संपत नाही. चर्चच्या अधिकाराविषयी व त्रैक्याच्या सिद्धांताविषयी रमाबाईंचा वाँटेजच्या भगिनींशी दीर्घ पत्रव्यवहार चालला. आपणांस ख्रिस्ती धर्म लाभला, ख्रिस्त मात्र लाभला नव्हता, अशी कबुली त्या आत्मनिवेदनात देतात. सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, त्यांना वैयक्तिक तारणाचा प्रत्यय आला. बाप्तिस्मा आणि आशा यांच्यातील हे अंतर त्यांनी झाकले नाही, हे विशेष.

या आशेची किंमतही मोठी होती. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले शारदा सदन पुढील वर्षी पुण्यास आले. तेथील मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या जातात या कारणावरून १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सुधारकांनी संस्थेशी संबंध तोडला. १८९६-९७ च्या दुष्काळात मात्र रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया सोबत घेऊन आल्या. केडगावचे ‘मुक्ती’ त्यातूनच आकारास आले. दुष्काळात सर्वस्व गमावलेली मुलगी दुष्काळातील मुलींची आश्रयदात्री झाली. आशेचे हे रूप शब्दांपेक्षा कृतीत अधिक स्पष्ट दिसते.

आत्मनिवेदन इंग्रजीत असल्याने त्याचा प्रथम वाचक मराठी समाजाबाहेरचा होता. आयुष्याची अखेरची वर्षे रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात वेचली. ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, संपूर्ण प्रसिद्ध झाले. संस्कृतात लहानाची मोठी झालेली ही पंडिता येथे संस्कृतप्रचुर शब्द कटाक्षाने टाळते आणि अल्पशिक्षित स्त्रीला समजेल अशी मराठी योजते. ज्या भाषेने अधिकार नाकारला, तिचे संस्कार बाजूला सारून अधिकार नाकारलेल्यांच्या भाषेत ग्रंथ आणणे, हीच त्यांच्या आशेची वाङ्मयीन परिणती होय. म्हणून १९०७ चे इंग्रजी कथन आणि १९२४ चे मराठी भाषांतर एकत्र वाचल्याविना रमाबाईंच्या धर्मांतराचा इतिहास अपुरा राहतो.