झाडीपट्टीची रंगभूमी : उगम आणि वारसा

मराठी रंगभूमीचा इतिहास विष्णुदास भाव्यांच्या १८४३ मधील सांगलीच्या 'सीतास्वयंवरा'पासून आरंभावयाचा आणि १८८० च्या किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'वरून पुण्या-मुंबईच्या व्यावसायिक नाटकाकडे यावयाचे, हा आपला परिपाठ आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील रंगभूमी त्यात सहसा बसत नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील अरण्यमय, धानपिकाच्या प्रदेशास झाडीपट्टी म्हणतात. तेथील नाटक ही नागर रंगभूमीची उशिरा पोहोचलेली शाखा मानावी काय, हा प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

नागर नाटक या प्रदेशात आले, तेव्हा येथील भूमी रिकामी नव्हती. दंडार आणि तमाशाशी नाते सांगणारी खडी गंमत हे प्रकार लोकांच्या परिचयाचे होते. दंडारीत गाणे, नाचणे व सोंग एकत्र नांदते आणि स्त्रीभूमिका पुरुष करीत आले आहेत. शेजारच्या आदिलाबादकडील राजगोंडांच्या दिवाळीतील 'दंडारी' नृत्याशी या नावाचे साम्य लक्षणीय आहे. पडदे, प्रवेशांची मांडणी व नाट्यपदे नागर रंगभूमीकडून आली. रात्रभर चालणारा खेळ आणि गाण्या-विनोदाची मुबलकता यांची सवय मात्र प्रेक्षकास आधीपासूनच होती. म्हणून येथे अनुकरणापेक्षा संगम झाला, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल.

या रंगभूमीचे खरे अधिष्ठान कृषिजीवनात आहे. धान घरात आले, बांध्या मोकळ्या झाल्या, की दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम चालतो. गावोगाव मंडई भरते. दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक, अशी जोडी असे. गावातील मंडळ प्रयोग ठरविते, तिकिटे विकते. घरोघरी पाहुणे येतात, सोयरिकीच्या गोष्टीही निघतात. पूर्वी गावकरीच नट असत. पुढे व्यावसायिक मंडळ्या निघाल्या आणि गोंदिया-चांदा फोर्ट लोहमार्गावरील वडसा (देसाईगंज) हे त्यांचे केंद्र बनले. यजमानपण मात्र गावाकडेच राहिले.

स्वातंत्र्योत्तर काळात राष्ट्रीय रंगभूमीची उभारणी शासनाने संस्थांच्या द्वारे आरंभिली. १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचे उद्‌घाटन झाले. १९५९ मध्ये राष्ट्रीय नाट्य विद्यालय स्थापन झाले. झाडीपट्टीचे नाटक अशा आश्रयावर वाढले नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलशर्यतींवर बंदी घातली, तेव्हा पट थांबले, पण नाटकाची रात्र टिकली. २०२० च्या टाळेबंदीने मात्र गावाचे एकत्र येणेच थांबविले आणि नटांची उपजीविका संकटात आली. या रंगभूमीचे बळ व तिची दुर्बलता एकाच ठिकाणी आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

गडचिरोली जिल्ह्यातील ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. हा गौरव उचितच होय. तथापि एका नटाच्या सन्मानाने परंपरेचे दप्तर तयार होत नाही. नाटकांची हस्तलिखिते, जाहिरातपत्रके, मंडळांचे हिशेब आणि वृद्ध नटांच्या आठवणी हीच या इतिहासाची साधने आहेत. ती वेळीच संकलित झाली नाहीत, तर मराठी रंगभूमीचा इतिहास काही शहरांचाच इतिहास राहील. राष्ट्रीय रंगभूमी म्हणजे केवळ राजधानीतून प्रसृत होणारी रंगभूमी नव्हे. लोक आपल्या पिकातून जिचा खर्च भागवितात, तीही त्या नावास पात्र आहे.