१८९६ ची अमेरिकन अध्यक्षीय निवडणूक : पैसा, प्रचार आणि वृत्तपत्रे

प्रस्तावना

अमेरिकेच्या राजकीय इतिहासात १८९६ च्या अध्यक्षीय निवडणुकीला विशेष महत्त्व आहे. उद्योगसमूहांच्या देणग्या, मध्यवर्ती कार्यालयातून चालविलेला प्रचार आणि मोठ्या खपाची वृत्तपत्रे या तिन्ही साधनांचा एवढा व्यापक व संघटित वापर त्यापूर्वी झालेला नव्हता. रिपब्लिकन पक्षाचे विल्यम मॅकिन्ली यांचा विजय पैशाने विकत घेतला गेला, असा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. प्रस्तुत लेखात या आक्षेपाची तपासणी केली आहे.

आर्थिक पार्श्वभूमी

१८७३ च्या कायद्याने अमेरिकेत चांदीच्या डॉलरची मुक्त नाणेपाडणी बंद झाली. पुढील दोन दशकांत शेतमालाचे भाव घसरत गेले. कर्जाचा आकडा मात्र कायम राहिला. तेवढेच कर्ज फेडण्यासाठी शेतकऱ्याला अधिक धान्य विकावे लागे. म्हणून सोने व चांदी यांचे १ : १६ प्रमाण ठरवून चांदीची नाणी पुन्हा मुक्तपणे पाडावीत, अशी मागणी पश्चिम व दक्षिण भागांतून पुढे आली. जून १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने मुंबई व कलकत्ता येथील टांकसाळी चांदीच्या मुक्त नाणेपाडणीस बंद केल्या. चांदीचा भाव कोसळला. अमेरिकेत मंदी सुरू झालीच होती. त्याच वर्षी काँग्रेसने चांदीखरेदीचा १८९० चा कायदा रद्द केला.

हितसंबंधी गट व निवडणूक निधी

चांदीच्या बाजूने कर्जबाजारी शेतकरी, त्यांचा लोकपक्ष आणि पश्चिमेकडील खाणमालक उभे राहिले. जुलै १८९६ मध्ये शिकागो अधिवेशनातील प्रभावी भाषणानंतर अवघ्या ३६ वर्षांचे विल्यम जेनिंग्ज ब्रायन डेमोक्रॅटिक उमेदवार झाले. लोकपक्षानेही त्यांनाच पाठिंबा दिला. सुवर्ण परिमाणाच्या बाजूने बँका, रेल्वे कंपन्या व मोठे कारखानदार होते. मॅकिन्ली यांचे सूत्रधार मार्क हॅना यांनी या वर्गाकडून पद्धतशीरपणे वर्गणी गोळा केली. स्टँडर्ड ऑइल कंपनीने एकटीने अडीच लाख डॉलर दिले. एकूण निधी सुमारे ३५ लाख डॉलर झाला. त्या तुलनेत ब्रायन यांचा निधी अत्यल्प होता.

प्रचार व वृत्तपत्रे

साधनांतील ही विषमता प्रचाराच्या स्वरूपातही दिसते. ब्रायन यांनी रेल्वेने सुमारे १८,००० मैल प्रवास करून सुमारे ६०० भाषणे केली. मॅकिन्ली मात्र ओहायोतील कँटन येथील आपल्या घरीच राहिले. रेल्वेच्या सवलतीच्या दरांमुळे सुमारे साडेसात लाख लोक त्यांच्या ओसरीसमोर येऊन गेले. रिपब्लिकन कार्यालयांतून अनेक भाषांतील दहा कोटींहून अधिक पत्रके वाटली गेली.

पूर्वेकडील बहुतेक मोठी वृत्तपत्रे, त्यांत डेमोक्रॅटिक परंपरेची पत्रेही होती, ब्रायनविरोधी होती. विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांचे ‘न्यूयॉर्क जर्नल’ हा ठळक अपवाद. त्यातील होमर डेव्हनपोर्ट यांच्या व्यंगचित्रांत हॅना डॉलरच्या चिन्हांनी भरलेल्या पोशाखात दिसत.

निकालाची मीमांसा

मॅकिन्ली यांना २७१, तर ब्रायन यांना १७६ निर्वाचक मते मिळाली. जनतेच्या मतांत हे प्रमाण सुमारे ५१ व ४७ टक्के होते. सुमारे ७९ टक्के मतदान झाले होते.

या निकालाचे श्रेय केवळ पैशाला देता येत नाही. चलनवाढ कर्जदार शेतकऱ्याला लाभदायक असली, तरी ठरावीक मजुरीवर जगणाऱ्या कामगाराला तिच्यात महाग भाकरीच दिसत होती. ब्रायन यांच्याकडे त्याच्यासाठी समाधानकारक उत्तर नव्हते. शिवाय १८९६ च्या शरद ऋतूत गव्हाचे भाव चढले. त्यामागील एक प्रमुख कारण भारतातील अवर्षण हे होते. ज्या अवर्षणाने दख्खनच्या शेतकऱ्याला दुष्काळात लोटले, त्यानेच अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतील शेतकऱ्याचा असंतोष काहीसा शमविला. चांदी स्वस्त असताना गहू महाग झाल्याने, दोहोंचे भाव एकत्रच चढतात व उतरतात हा चांदीवाद्यांचा युक्तिवादही दुबळा ठरला.

निष्कर्ष

तथापि पैशाचा प्रभाव नगण्य होता, असा याचा अर्थ नाही. कोणता युक्तिवाद किती मतदारांपर्यंत व किती वेळा पोहोचावा, हे निधीने ठरविले. कामगारांच्या मनातील शंका खरी होती. ती घरोघर पोहोचविण्याचे सामर्थ्य एकाच पक्षाकडे होते. मते विकत घेण्यापेक्षा हा प्रभाव सूक्ष्म आणि म्हणूनच कायद्याने रोखण्यास कठीण आहे. विमा कंपन्यांनी निवडणूक निधीस पैसा पुरविल्याचे १९०५ च्या न्यूयॉर्कमधील चौकशीत उघड झाले. त्यानंतर १९०७ च्या टिलमन कायद्याने संघीय निवडणुकांत महामंडळांच्या देणग्यांवर बंदी घातली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामंडळांना उमेदवारापासून स्वतंत्रपणे प्रचारखर्च करण्याची मुभा दिली. मतदानाचा हक्क समान असतानाही मतदारापर्यंत आपले म्हणणे पोहोचविण्याची संधी समान नसते, ही १८९६ ने पुढे आणलेली समस्या अमेरिकन लोकशाहीत अद्याप अनुत्तरित आहे.