स्ट्रेप्टोमायसीज : प्रतिजैविकांची निर्मिती व नियंत्रण

मातीत बुरशीसारखी तंतुमय वाढ करणारी जिवाणूंची प्रजाती. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास सुटतो, त्यातील जिओस्मिन हे द्रव्य मुख्यतः हेच जिवाणू तयार करतात. स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लीन, निस्टॅटिन ही औषधेही त्यांचीच. बुरशीनाशक हॅमायसिन तर पिंपरीच्या मातीतील स्ट्रेप्टोमायसीजपासून मिळाले.

पोषकद्रव्ये भरपूर असेपर्यंत हा जिवाणू प्रतिजैविक जवळजवळ बनवतच नाही. अन्न सरू लागले की जुने तंतू मोडून त्यांच्या ऐवजावर वरचे, बीजाणू धरणारे तंतू उभे राहतात. मोडलेल्या तंतूंतून पोषकद्रव्ये पाझरतात आणि आजूबाजूच्या उपाशी जिवाणूंचा त्यांवर डोळा असतो. प्रतिजैविक नेमके याच वेळी स्रवते, त्यामुळे ते या शिदोरीची राखण करत असावे, असे मानले जाते. काचेच्या बशीत स्ट्रे. सीलिकलर वाढवला तर हा बदल नुसत्या डोळ्यांनी दिसतो : आधी चामड्यासारखी चिवट वसाहत, मग तिच्यावर पांढरी भुकटी आणि वर अ‍ॅक्टिनोऱ्होडिन या प्रतिजैविकाचे निळे थेंब.

ही वेळ साधते कशी, हे स्ट्रे. ग्रिसियसमध्ये सर्वांत स्पष्ट उलगडले आहे. याच जातीपासून अल्बर्ट शॅट्झ यांनी १९४३ मध्ये वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसिन वेगळे केले. हा जिवाणू ‘ए-फॅक्टर’ नावाचा लहानसा रेणू बाहेर सोडतो. वाढीबरोबर तो साठत जातो. ठरावीक पातळी गाठली की तो ‘आर्पए’ या प्रथिनाला चिकटतो; तोवर ‘ॲडपीए’च्या जनुकावर ठाण मांडून बसलेले आर्पए बाजूला होते. मग ॲडपीए ‘एसटीआरआर’ या पुढच्या नियंत्रक प्रथिनाच्या जनुकाला जागे करते आणि एसटीआरआर स्ट्रेप्टोमायसिनच्या जनुकांना. त्याच वेळी, एसटीआरआरच्या जनुकाला लागूनच असलेले, विषापासून स्वतःचा बचाव करणारे जनुकही चालू होते. शिवाय पेशीच्या आत औषध फॉस्फेट जोडलेल्या, निष्क्रिय रूपात असते. औषध पेशीबाहेर गेल्यावरच तो फॉस्फेट सुटतो.

स्ट्रे. सीलिकलरचा जनुकसंच २००२ मध्ये वाचला गेला, तेव्हा त्यात प्रतिजैविकांसारखी द्रव्ये बनवणारे वीसहून अधिक जनुकसमूह आढळले. त्यांपैकी बरेच प्रयोगशाळेत मुके राहतात. अशा समूहांना बोलते करणारा एक संकेत मात्र सापडला आहे. कायटिनमधून किंवा मोडत्या पेशीभित्तिकेतून सुटणारी एन-ॲसिटिलग्लुकोसामाइन ही शर्करा उपासमारीच्या माध्यमात मिळाली, तर ‘डासआर’ या नियंत्रकाची पकड सैल होऊन प्रतिजैविकांची निर्मिती सुरू होते. सकस माध्यमात तीच शर्करा निर्मिती रोखते.