दशेरीचा देठ आणि यंत्राची जागा

उत्तर प्रदेशातील लखनौपासून सुमारे २५ किलोमीटर अंतरावरील मलिहाबाद दशेरी आंब्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे. काकोरीजवळच्या दशहरी या गावावरून या जातीला नाव मिळाले, असे मानले जाते. मलिहाबादी दशेरीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हंगाम मात्र जून ते जुलैच्या मध्यापर्यंतचा, जेमतेम दीड महिन्याचा. तोडणी, प्रतवारी, पेट्या भरणे आणि रवानगी ही सर्व कामे तेवढ्यातच उरकावी लागतात. यंत्रांची गरज उघड आहे. ती कोणत्या टप्प्यावर बसवावीत, हा खरा प्रश्न आहे.

व्यवस्थापनशास्त्रात ‘डिझाइन थिंकिंग’ या नावाने ओळखली जाणारी पद्धत याच प्रश्नापासून सुरू होते. आधी काम करणाऱ्याचे निरीक्षण, मग अडचणीची नेमकी मांडणी, त्यानंतर कच्चा नमुना व त्याची चाचणी, असा तिचा क्रम आहे. हे नाव अलीकडे रूढ झाले असले तरी विचार भारताला नवा नाही. चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकी दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारला सादर केलेल्या अहवालात साध्या लोट्याचा आदर्श रचना म्हणून गौरव केला होता. त्यातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली.

मलिहाबादच्या बागेत या दृष्टीने पाहिले तर नुकसानीचे मूळ झाडावरच सापडते. फांदी हलवून किंवा काठीने ओढून फळ पाडले की देठ मुळापासून निघतो. त्या जागेतून उसळणारा चीक सालीवर पसरतो. साल भाजल्यासारखी काळवंडते आणि देठाकडून बुरशी शिरते. डाग लगेच ठळक दिसत नाही. फळ पिकेपर्यंत ते दूरच्या बाजारात पोहोचलेले असते. वजन व आकारानुसार फळे वेगळी करणारे यंत्र हा दोष दूर करू शकत नाही. ते केवळ खराब फळे अधिक वेगाने बाजूला काढते.

यावरचा उपाय साधा आहे. लांब काठीच्या टोकाला पाते व जाळी असलेल्या अवजाराने सुमारे एक सेंटिमीटर देठ राखून फळ उतरवता येते. रहमानखेडा येथील केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्थानाने असे अवजार विकसित केले आहे. कोकणातील बागायतदारांना दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘नूतन झेला’ परिचित आहेच.

यंत्राची खरी जागा पुढच्या टप्प्यांवर आहे. फळमाशीच्या कारणावरून युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्याची आयात थांबवली होती. ही बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली. फळमाशीच्या बंदोबस्तासाठी आंब्यावर ४८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात ६० मिनिटांची प्रक्रिया केली जाते. येथे अंदाजाला वाव नाही, म्हणून स्वयंचलित नियंत्रण हवेच. बंदी असलेल्या कॅल्शियम कार्बाइडऐवजी इथिलीन वायूने आंबा पिकवणाऱ्या खोल्यांनाही हेच लागू पडते.

कागदपत्रांच्या बाबतीत महाराष्ट्राचा अनुभव उपयोगी ठरावा. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीटकनाशकाचे अंश आढळल्यानंतर तपासणीची पद्धत आखण्यात आली. पुढे ‘अपेडा’ने ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय प्रणाली सुरू केली. बागेची नोंदणी, प्रयोगशाळेचा अहवाल आणि निर्यातीचे प्रमाणपत्र त्यात एकमेकांशी जोडलेले असते. दोष आढळल्यास थेट बागेपर्यंत माग काढता येतो. टप्पे आधी निश्चित झाले आणि संगणक नंतर आला, हे येथे महत्त्वाचे.

मलिहाबादमध्ये मात्र एक अडचण अवजाराने सुटणारी नाही. अनेक बागांचे पीक फळे तयार होण्यापूर्वीच ठेकेदाराला विकले जाते. त्याला माल लवकर उतरवायचा असतो. देठ राखून तोडणी करण्यास वेळ लागतो आणि तोडणाऱ्याला त्या वेळेचा वेगळा मोबदला नसेल, तर उत्तम झेलाही झाडाखाली पडून राहतो. त्यामुळे नव्या पद्धतीची आखणी करताना पॅकहाउसच्या यंत्रांइतकाच तोडणीच्या मजुरीचा दरही विचारात घ्यावा लागेल.